विश्लेषण : फार्महाऊसच्या तरणतलावाचे पाणी हिरवे का होते? शहापूर-मुरबाडमध्ये ते न बदलता वर्षभर कसे टिकवता येईल?

शनिवारी पाहुणे येणार असतात आणि शुक्रवारी संध्याकाळी राखणदाराचा फोन येतो, ‘साहेब, पूलचं पाणी हिरवं झालंय.’ शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत सेकंड होम घेतलेल्या मुंबई, ठाणे, कल्याणकरांना हा फोन चांगला ओळखीचा आहे. त्यावरचा तोडगाही ठरलेला असतो. पाणी सोडून द्या, हौद घासून घ्या, टँकर मागवा. हा तोडगा खर्चिक आहे, बहुतेक वेळा गरजेचा नसतो आणि ज्या तालुक्यांत तो केला जातो तिथे त्याची किंमत एकट्या बंगल्याच्या मालकाला मोजावी लागत नाही. पाणी हिरवे का होते, ते पुन्हा स्वच्छ कसे करायचे आणि क्लोरिनचा डबा ज्याच्या हातात असतो त्याला काय माहीत असायला हवे, याविषयी.

एका तरणतलावात किती पाणी असते?

आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल, असा मध्यम आकाराचा घरगुती तलाव धरू. त्यात ३८.४ घनमीटर म्हणजे ३८ हजार ४०० लिटर पाणी बसते. दहा हजार लिटरचे जवळपास चार टँकर. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. त्या हिशेबाने हौद एकदा रिकामा केला की सुमारे ७०० माणसांचे एका दिवसाचे पाणी ओढ्याला लागते.

हा हिशेब इथे जास्त बोचतो, कारण तालुका शहापूर आहे. १८९२ मध्ये पूर्ण झालेले तानसा धरण याच तालुक्यात आहे आणि भातसाही. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांच्या एकूण साठ्यातला जवळपास निम्मा साठा एकट्या भातसाचा. मुरबाडच्या हद्दीला लागून बारवी धरण आहे, जे ठाणे जिल्ह्यातील शहरांची आणि एमआयडीसीची तहान भागवते. तरीही उन्हाळा लागला की शहापूरचे गावपाडे टँकरच्या यादीत येतात, मुरबाडचेही येतात. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण इथल्या बातम्यांच्या मथळ्यात इतक्या वेळा आली आहे, की ती वाचून आता कोणी थांबतही नाही. इगतपुरीच्या भावली धरणातून शहापूरला गुरुत्वाकर्षणाने पाणी आणण्याची योजना त्याच कारणासाठी आखली गेली.

जमिनीखाली काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट. या खडकात पाणी भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांमध्येच साठते. पाऊस भरपूर पडतो, पण उतारावरून वाहून जातो आणि विहिरी मार्चपासून खाली जाऊ लागतात. त्यामुळे बंगल्याची बोअर आणि शेजारच्या पाड्याची विहीर अनेकदा एकाच भेगेवर जगत असतात.

पाणी बदलले नाही तरी किती जाते?

हा प्रश्न मालक सहसा विचारत नाहीत. एप्रिल-मेमध्ये उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून दिवसाला सहा ते आठ मिलिमीटर पाणी सहज उडून जाते. आपल्या तलावाचा पृष्ठभाग ३२ चौरस मीटर. म्हणजे रोज साधारण १९० ते २५० लिटर. पाच माणसांच्या कुटुंबाचा ५५ लिटरप्रमाणे होणारा कोटा २७५ लिटर आहे. आठवड्यातले पाच दिवस बंद असलेला बंगला, कोणीही पाण्यात पाय न घालता, जवळपास एका कुटुंबाएवढे पाणी ‘पितो’. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत दिवसाला सरासरी पाच मिलिमीटर धरले, तरी १.२ मीटर होतात. म्हणजे अख्खा हौद हवेत जातो.

म्हणूनच शनिवार-रविवारच्या बंगल्यासाठी सर्वात उपयोगी वस्तू कोणती, तर तलावावर अंथरायचे आच्छादन. रसायने त्यानंतर येतात. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या अंदाजानुसार आच्छादनामुळे तलावात वरून भरावे लागणारे पाणी ३० ते ५० टक्क्यांनी आणि रसायनांचा वापर ३५ ते ६० टक्क्यांनी कमी होतो. पालापाचोळा आत पडत नाही आणि ऊन लागत नसल्याने क्लोरिन टिकतो. मात्र पाण्यावर तरंगणारे बुडबुड्यांचे प्लास्टिक आणि कडांना घट्ट बांधलेले मजबूत आच्छादन यांत फरक आहे. तरंगत्या प्लास्टिकवर मूल पडले तर ते त्यासकट खाली जाते आणि वरून दिसतही नाही. कुंपण नसलेल्या तलावावर असे प्लास्टिक टाकून निर्धास्त राहणे हा धोका आहे.

रोजचे पाणी बाष्पीभवनाने जाते की गळतीने, हे शोधायला बादली पुरते. बादलीत पाणी भरून ती तलावाच्या पायरीवर ठेवायची, बादलीच्या आतल्या आणि तलावाच्या पातळीवर खूण करायची आणि पंप बंद ठेवून २४ तासांनी पाहायचे. दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या तर ऊन-वारा. तलावाची जास्त उतरली तर गळती. एक सेंटिमीटरचा फरक म्हणजे दिवसाला ३२० लिटर जमिनीत.

पाणी हिरवे का होते?

शेवाळ. त्याचे सूक्ष्म बीजाणू वाऱ्याबरोबर, पावसाबरोबर, पानांबरोबर येतच राहतात. ते थांबवता येत नाहीत. पाण्यात पुरेसा मुक्त क्लोरिन असेपर्यंत ते वाढत नाहीत इतकेच. क्लोरिन शून्यावर आला, ऊन मिळाले आणि पाणी साचून राहिले की दोन-तीन दिवसांत हिरवी झाक येते.

रविवारी संध्याकाळी पाहुणे निघतात. घाम, सनस्क्रीन, लघवी आणि जेवणाच्या बशांतून पडलेले काहीबाही क्लोरिनने पचवलेले असते. त्या रात्री पुन्हा मात्रा दिली जात नाही. सोमवारपासून बिल वाचवायला पंप बंद असतो किंवा गावची वीज गेलेली असते. जे काही क्लोरिनचे अंश उरले असतील ते ऊन खाऊन टाकते. क्लोरिनला अतिनील किरणांपासून वाचवणारे काही पाण्यात नसेल, तर भर उन्हात त्यातला निम्मा तासाभराच्या आत संपतो. मग बुधवारपर्यंत भिंतीला बुळबुळीत थर आणि शुक्रवारी तो फोन.

तलावाजवळ नाकाला झोंबणारा ‘क्लोरिनचा वास’ आला की पाणी स्वच्छ आहे, हा समज उलटा आहे. तो वास क्लोरअमाइनचा असतो. घाम-लघवीतील नायट्रोजनयुक्त घटकांशी जोडला गेलेला, थकलेला क्लोरिन. डोळे चुरचुरतात तेही बहुतेक त्यामुळेच. वास येत असेल तर क्लोरिन जास्त नव्हे, कमी पडलेला असतो.

क्लोरिन टाकूनही उपयोग का होत नाही?

पहिले कारण पीएच. क्लोरिन पाण्यात गेला की त्याची दोन रूपे होतात. हायपोक्लोरस आम्ल जंतू मारते. हायपोक्लोराइट आयन त्या मानाने आळशी. पीएच ७.२ असताना जवळपास दोन तृतीयांश क्लोरिन कामाच्या रूपात असतो, ७.५ ला निम्मा आणि ८ ला एक चतुर्थांशाहून कमी. बोअरच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उघड्यावर उडून जातो आणि पीएच हळूहळू चढत राहतो. म्हणजे राखणदार प्रामाणिकपणे तेवढीच पावडर टाकत असतो, पण तिचा मोठा भाग नुसता बसून असतो. पीएच ७.२ ते ७.६ च्या दरम्यान ठेवणे हे क्लोरिनच्या मात्रेइतकेच महत्त्वाचे आहे.

दुसरे कारण ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच. ताजी असताना तिच्यात उपयुक्त क्लोरिन ३० टक्क्यांच्या आसपास असतो. दमट हवेत उघडी राहिलेली पिशवी महिन्या-दोन महिन्यांत ताकद गमावते आणि शेवटी उरतो तो तळाशी बसणारा चुना. पावसाळ्यातून गेलेली पिशवी ऑक्टोबरमध्ये वापरणे म्हणजे तलावात चुनखडी टाकणे.

तिसरे कारण जरा आडवळणाचे आहे आणि मला वाटते इथेच सर्वाधिक पाणी वाया जाते. बाजारात सहज मिळणाऱ्या पांढऱ्या गोळ्या टीसीसीए या रसायनाच्या असतात. त्यात ९० टक्के उपयुक्त क्लोरिन. सोय उत्तम, कारण गोळी हळूहळू विरघळते आणि शनिवार-रविवारच्या मालकाला तेच हवे असते. पण प्रत्येक गोळीबरोबर पाण्यात सायन्युरिक आम्लही जाते. ते क्लोरिनला उन्हापासून वाचवते, म्हणून थोडे हवेच, ३० ते ५० पीपीएम. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, किंवा हजार लिटरमागे एक ग्रॅम. अडचण अशी, की क्लोरिन खर्च होतो आणि हे आम्ल तसेच साठत जाते. गोळ्यांतून १० पीपीएम क्लोरिन दिला की ६ पीपीएम सायन्युरिक आम्ल वाढते. रोज २ पीपीएम क्लोरिन या गोळ्यांतूनच दिला, तर महिन्याला ३६ पीपीएम. तीन महिन्यांत पातळी शंभराच्या पुढे. मग ते आम्ल क्लोरिनला इतके घट्ट धरून ठेवते, की चाचणीत क्लोरिन दिसतो आणि पाणी तरी हिरवेच. इथे दुकानदार आणखी गोळ्या देतो. शेवटी कंटाळून हौद रिकामा होतो, कारण सायन्युरिक आम्ल काढायचा घरगुती मार्ग पाणी बदलणे हाच आहे.

पण शहापूर-मुरबाडला एक देणगी आहे. इथे वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपला तलाव सरासरी १,२०० मिलिमीटर खोल. म्हणजे एका पावसाळ्यात तलावावर थेट आकाशातून त्याच्या दुप्पट पाणी पडते आणि जादाचे ओव्हरफ्लोतून जाते. पाणी पूर्ण मिसळत गेले असे धरले तर चार महिन्यांनी जुन्या पाण्यातला आठवा हिस्सा उरतो. प्रत्यक्षात बरेच पावसाचे पाणी वरच्या वर वाहून जाते, त्यामुळे जास्त उरते. तरीही सायन्युरिक आम्ल, क्षार, सगळेच उतरते. त्यामुळे पावसाळ्यानंतर महिनाभर गोळ्या वापरून सायन्युरिक आम्ल तीस-चाळीसवर आणावे आणि नंतर मेपर्यंत द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट किंवा कॅल्शियम हायपोक्लोराइटवर जावे. पुढच्या पावसात पाटी पुन्हा बऱ्यापैकी कोरी. पाणी बदलायची गरजच पडत नाही.

रोज आणि आठवड्याला काय करावे लागते?

थोडे, पण नियमित. मुक्त क्लोरिन १ ते ३ पीपीएम हवा. सायन्युरिक आम्ल असलेल्या तलावात किमान २ असावा, असे अमेरिकेची सार्वजनिक आरोग्य संस्था सीडीसी सांगते. आपल्याकडे तरणतलावाच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस ३३२८ हे मानक आहे. बंगल्यावर ते कोणी उघडून पाहत नाही, तो भाग वेगळा. चाचणी संच घेताना एक गोष्ट पाहावी. थेंब टाकल्यावर पाणी पिवळे होणारा स्वस्त संच एकूण क्लोरिन दाखवतो, त्यात थकलेलाही आला. गुलाबी होणारा डीपीडी संच मुक्त क्लोरिन वेगळा दाखवतो. फरक थोड्या पैशांचा आहे आणि पहिल्या संचावर विसंबून अनेकांची फसगत होते.

क्लोरिन सूर्य मावळल्यावर द्यावा, म्हणजे त्याला पूर्ण रात्र मिळते. भिंती, पायऱ्या आणि कोपरे आठवड्यातून दोनदा ब्रशने घासावेत. शेवाळाचा थर आधी तिथेच धरतो, जिथे पाणी फिरत नाही. जाळीच्या टोपलीतली पाने रोज काढावीत. बस.

पंप किती चालवायचा यावर वाद होतात. तासाला आठ घनमीटर पाणी ओढणारा पंप आपल्या तलावाएवढे पाणी पाच तासांत फिरवतो. पण फिरवतो म्हणजे सगळे पाणी गाळले जाते असे नाही, कारण गाळलेले पाणी पुन्हा न गाळलेल्यात मिसळते. एका फेरीत साधारण ६३ टक्के पाणी वाळूतून जाते, दोन फेऱ्यांत ८६ टक्के, तीन फेऱ्यांत ९५ टक्के. वापराच्या दिवशी दोन फेऱ्या आणि बंद दिवसांत निदान एक, हा व्यवहार्य मार्ग. वीज जाते-येते तिथे टायमरवर भरवसा ठेवू नये, घड्याळ मागे पडते आणि पंप कधी चालतो ते कोणालाच कळत नाही.

वाळूची गाळणी उलट्या प्रवाहाने धुणे म्हणजे बॅकवॉश, त्यातही पाणी जाते. तीन मिनिटांत चारशे लिटरच्या पुढे. ‘दर शनिवारी बॅकवॉश’ असा नियम अनेकांनी लावून घेतला आहे, तो चुकीचा. स्वच्छ गाळणीचा दाब मीटरवर पाहून ठेवावा. त्यापेक्षा ८ ते १० पीएसआय वाढला की मगच धुवावी. थोडी मळलेली वाळू नव्या वाळूपेक्षा बारीक कण जास्त चांगले पकडते. धुतलेले पाणी टाकीत दोन-तीन दिवस उन्हात ठेवले की क्लोरिन निघून जातो आणि आंब्या-चिकूला चालते. मात्र मीठ वापरणारा ‘सॉल्ट पूल’ असेल तर ते पाणी झाडांना किंवा शेजारच्या भाताच्या खाचरात सोडू नये. (सॉल्ट पूलमध्ये क्लोरिन नसतो हाही गैरसमजच. तिथे मिठापासून विजेने क्लोरिनच तयार होतो.)

हिरवे झालेले पाणी वाचवता येते का?

तळ दिसत नसला तरी बहुतेक वेळा येते. तीन ते पाच दिवस आणि चिकाटी लागते. आधी पाने आणि गाळ जाळीने काढायचा, पीएच ७.२ च्या आसपास आणायचा. मग संध्याकाळी १० पीपीएमची जोरदार मात्रा. आपल्या तलावासाठी ती ३८४ ग्रॅम क्लोरिन होते. दहा टक्क्यांचे द्रव हायपोक्लोराइट असेल तर जवळपास चार लिटर, ६५ टक्क्यांचे कॅल्शियम हायपोक्लोराइट असेल तर सुमारे ६०० ग्रॅम. पंप अखंड चालू, दिवसातून दोनदा घासणे, दाब वाढला की गाळणी धुणे. सकाळी मोजायचे, क्लोरिन पडला असेल तर पुन्हा तेवढ्यावर आणायचा. हिरवे पाणी आधी दुधट राखाडी होते, तो मेलेला शेवाळ. इथे अनेक जण ‘जमत नाही’ म्हणून हात टेकतात, खरे तर काम होत आलेले असते. रात्रभरात क्लोरिन १ पीपीएमपेक्षा कमी उतरला आणि तळ स्वच्छ दिसला, की संपले. क्लोरिन पुन्हा ३ च्या जवळ येईपर्यंत पाण्यात उतरायचे नाही. सायन्युरिक आम्ल शंभराच्या पुढे गेलेल्या तलावात मात्र हा उपाय चालत नाही, तिथे निम्मे पाणी बदलावेच लागते.

तुरटीने गढूळपणा खाली बसतो, हे गावात सर्वांना माहीत आहे आणि ते तलावातही चालते; फक्त खाली बसलेला गाळ गाळणीतून न नेता थेट बाहेर ओढून काढावा, नाही तर वाळूचा गोळा होतो. मोरचुदाचे मात्र तसे नाही. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, शेवाळ मारते हे खरे. पण तांबे पाण्यात साठत जाते, टाइल्सवर हिरवट-काळे डाग धरते आणि ते पाणी ओढ्यात गेले की मासे मरतात. ज्या ओढ्यात पाड्यावरची पोरे खेकडे-मासे धरतात, त्यात मोरचुदाचे पाणी सोडणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

क्लोरिन हाताळणाऱ्याला काय माहीत असायला हवे?

तलाव मालकाचा असला तरी डबा उघडतो तो राखणदार. बहुतेकदा जवळच्याच पाड्यावरचा, कुटुंबासह बंगल्याच्या मागच्या खोलीत राहणारा. डब्यावरची सूचना इंग्रजीत, बारीक अक्षरात. पंपाची खोली अंधारी, बिनखिडकीची. तिथेच क्लोरिन, तिथेच संडास धुण्याचे ॲसिड, तिथेच गवत कापायच्या यंत्राचे पेट्रोल. या खोलीची रचना हीच या सगळ्या विषयातली सर्वात धोकादायक बाब आहे.

क्लोरिनचे कोणतेही रूप आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरिन वायू निघतो. तो हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो आणि बंद खोलीत फुप्फुसे जाळतो. पीएच उतरवायला ॲसिड आणि त्याच बादलीत मागाहून क्लोरिन, एवढी साधी चूक पुरते. टीसीसीएच्या गोळ्या आणि कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडर हीही एकमेकांत मिसळायची नाही. दोन्ही ‘क्लोरिनच’ म्हणून एकाच मापाने काढली जातात आणि ओलसर मिश्रण पेट घेऊ शकते, फुटू शकते. प्रत्येकाचे माप वेगळे, कोरडे. रसायन पाण्यात टाकायचे, रसायनावर पाणी कधीच ओतायचे नाही. ॲसिड आणि क्लोरिन वेगवेगळ्या खोल्यांत, पेट्रोल तिसरीकडे. हातमोजे, डोळ्यांना चष्मा. वास झोंबला तर ‘काय झाले’ पाहायला आत न जाता बाहेर, उंचावर आणि वाऱ्याच्या दिशेकडे यायचे.

हे मराठीत, मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून प्लास्टिकच्या पाकिटात दाराला लावायला अर्धा तास लागतो. शिवाय वीज. पाण्यातील दिवा १२ व्होल्टचाच असावा आणि पंपाच्या जोडणीवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी असावा. ओल्या हाताने स्टार्टर दाबणाराही राखणदारच असतो.

पाणी नितळ दिसले म्हणजे सुरक्षित?

नाही. पण नितळ दिसत नसेल तर नक्कीच असुरक्षित. तळाची जाळी स्पष्ट दिसत नसेल तर बुडालेले मूलही दिसणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात तीन लाख लोक बुडून मरण पावले, त्यातली जवळपास चौथाई मुले पाच वर्षांखालची. घरगुती तलावाला चारही बाजूंनी किमान १.२ मीटर उंच कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक, हा उपाय पाहुण्यांच्या मुलांइतकाच राखणदाराच्या मुलांसाठीही आहे. ती तिथे सातही दिवस असतात.

जंतूंचे म्हणाल तर योग्य क्लोरिनमध्ये ई-कोलाय मिनिटभरात मरतो, पण जुलाब घडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम सात दिवसांहून अधिक काळ तग धरू शकतो. जुलाब झालेल्या मुलाला ‘पाण्यात काय होतंय’ म्हणून उतरवू नये. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये मेंदूज्वर घडवणाऱ्या अमिबाचे रुग्ण आढळले. त्यातला नेग्लेरिया कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात वाढतो, नाकावाटे शिरतो आणि पिण्यातून होत नाही. क्लोरिन सांभाळलेल्या तलावात तो टिकत नाही. मेमध्ये तापलेल्या, क्लोरिन नसलेल्या हौदात टिकू शकतो.

पावसाळ्यात तलाव रिकामा ठेवावा का?

हा सल्ला अनेक जण देतात आणि इथे तो महागात पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये भूजल जमिनीला लागते. भरलेल्या तलावाचे वजन खालून येणाऱ्या दाबाला तोलून धरते. तो रिकामा केला, की पाण्यात दाबलेल्या रिकाम्या डब्यासारखा हौद वर उचलला जाऊ पाहतो. फायबरचा तलाव खरोखर वर येतो. सिमेंटच्या तळाला भेगा पडतात. त्यामुळे पावसाळ्यात तलाव भरलेलाच ठेवायचा, ओव्हरफ्लोची वाट मोकळी ठेवायची आणि अंगणातले गढूळ पाणी आत येणार नाही अशी कड करायची. पावसाने क्लोरिन पातळ होत राहतो, म्हणून मात्रा चालू ठेवावी लागते. सोडून दिलेल्या तलावात डासांच्या अंड्यांपासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि ते डास बंगल्यापुरते राहत नाहीत. एका कोपऱ्यात तिरकी फळी सोडून ठेवली तर बेडूक आणि साप बाहेर पडतात. सकाळी हात घालण्यापूर्वी टोपलीत पाहून घ्यावे, हेही राखणदाराच्या कागदावर लिहायला हरकत नाही.

दुरुस्तीसाठी रिकामा करायचाच झाला तर?

टाइल्स सुटल्या, गळती सापडली, तर ते टळत नाही. काळ मे महिन्याचा निवडावा, तेव्हा भूजल सर्वात खाली असते. पाणी सोडण्याआधी क्लोरिन शून्यावर येऊ द्यावा आणि मग ते झाडांना, बांधकामाला, टप्प्याटप्प्याने वापरावे. दुरुस्ती पावसाआधी संपवावी आणि तलाव भरायला टँकर किंवा बोअर लावू नये. नव्या बोअरची वाट तशीही सोपी नाही. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेण्यावर राज्यात १९९३ च्या भूजल कायद्यापासून निर्बंध आले आणि २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून लागू आहे.

भरायचा कसा, तर छतावरून. बंगल्याचे छत १०० चौरस मीटर आणि तलावाचा पृष्ठभाग ३२. दोन्हींवर मिळून ३०० मिलिमीटर पाऊस पडला की ३९ हजार ६०० लिटर होतात, म्हणजे तलाव काठोकाठ. गळती-सांडणी धरून साडेतीनशे म्हणा. या दोन तालुक्यांत एवढा पाऊस साधारण जूनच्या अखेरीपर्यंत किंवा जुलैच्या सुरुवातीला होऊन जातो, भूजल वर येण्याआधी. पहिल्या दोन-तीन सरींचे, धूळ आणि पक्ष्यांची घाण घेऊन येणारे पाणी बाहेर सोडायचे आणि मग पन्हळीचा पाइप एका जाळीतून तलावाकडे वळवायचा. पावसाचे पाणी मऊ असते, त्यात क्षारता जवळपास नसते. त्यामुळे भरल्यावर खाण्याचा सोडा टाकून क्षारता ८० ते १२० पीपीएमवर आणावी लागते, नाही तर पीएच स्थिर राहत नाही. ३८ हजार लिटरला १० पीपीएम वाढवायला साधारण ६५० ग्रॅम सोडा लागतो. किराणा दुकानातून सुटा घेतला तरी चालतो.